मिसळलेली वस्ती : ओक पार्कचा हिशेब

शिकागो शहराची पश्चिमेकडची हद्द एके ठिकाणी ऑस्टिन बुलेव्हार्ड या रस्त्यावर संपते. रस्त्याच्या पूर्वेला शिकागोचा ऑस्टिन नावाचा विभाग आहे आणि पश्चिमेला ओक पार्क हे स्वतंत्र उपनगर. कायद्याच्या भाषेत ओक पार्क आजही 'व्हिलेज' आहे. क्षेत्रफळ जेमतेम बारा चौरस किलोमीटर, वस्ती चोपन्न-पंचावन्न हजारांची. साहित्याच्या वाचकांना ते अर्नेस्ट हेमिंग्वेचे जन्मगाव म्हणून माहीत असते, तर वास्तुकलेच्या अभ्यासकांना फ्रँक लॉइड राइटने तिथे बांधलेल्या घरांमुळे. मी मात्र या गावाकडे वळलो ते जनगणनेच्या तक्त्यांमुळे. ते तक्ते एकाखाली एक मांडले तेव्हा या एका रस्त्याने मला बरेच दिवस अडवून ठेवले.

1960 साली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सगळे गोरेच राहत होते. 1980 साली ऑस्टिनमधले सुमारे तीन चतुर्थांश रहिवासी कृष्णवर्णीय होते. ओक पार्कमध्ये 1970 साली साडेबासष्ट हजार लोकांत दीडशेही कृष्णवर्णीय नव्हते. 1980 साली त्यांचे प्रमाण सुमारे 11 टक्के झाले, 1990 साली 18 आणि 2000 साली 22 टक्क्यांच्या आसपास. हवा तीच, शिकागोला नेणारी रेल्वे तीच, रस्त्यालगतच्या इमारतीही बऱ्याचशा सारख्या. तरीही एका बाजूची वस्ती वीस वर्षांत पुरती पालटली आणि दुसऱ्या बाजूची हळूहळू मिसळत गेली. असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ऑस्टिनमध्ये जे घडले ते त्या काळच्या शिकागोत नेहमीचे होते. दक्षिणेकडच्या राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या शहरांत आले होते. त्यांना घरे मिळत ती ठरावीक पट्ट्यांतच. घर कृष्णवर्णीयांना विकू नये अशी अट कित्येक खरेदीखतांत असे. 1948 साली 'शेली विरुद्ध क्रेमर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायालये अशी अट अमलात आणणार नाहीत, असा निर्णय दिला. पण बँका आणि गृहकर्जाची हमी देणारी सरकारी यंत्रणा कृष्णवर्णीय वस्तीला धोक्याची वस्तीच समजत राहिली. 1930 च्या दशकातल्या नकाशांवर असे भाग लाल रंगात दाखवलेले आहेत.

या भीतीवर घरांच्या दलालांचा धंदा चाले. एखाद्या गोऱ्या गल्लीत एक घर कृष्णवर्णीय कुटुंबाला विकायचे आणि मग शेजाऱ्यांच्या दारोदार जायचे : 'आता भाव पडणार, वेळीच विका.' घाबरलेल्या माणसाकडून घर स्वस्तात घ्यायचे आणि ज्यांना दुसरीकडे कुठेच घर मिळत नाही अशा कृष्णवर्णीय कुटुंबाला चढ्या भावाने विकायचे. बँक कर्ज देत नसल्यामुळे ही विक्री पुष्कळदा हप्त्यांच्या करारावर होई. हप्ता चुकला की घरही जाई आणि भरलेले पैसेही. विकणारा नाडला जाई आणि घेणाराही. हे लोण गल्लीगल्लीने पश्चिमेकडे सरकत ऑस्टिन बुलेव्हार्डपर्यंत पोचले. पुढचा घास ओक पार्क, हे सगळे गृहीत धरून होते.

ओक पार्क त्याआधी काही उदार गाव नव्हते. रसायनशास्त्रज्ञ पर्सी जुलियन यांची हकिकत त्याला साक्ष आहे. फायसोस्टिग्मीन या औषधी द्रव्याचे संश्लेषण त्यांनी 1935 साली केले आणि सोयाबीनपासून संप्रेरके बनवण्याच्या कामात मोठे यश मिळवले. 1950 साली शिकागोच्या एका दैनिकाने त्यांना वर्षाचे मानकरी ठरवले. त्याच वर्षी त्यांनी ओक पार्कमध्ये घर घेतले आणि कुटुंब राहायला येण्याआधीच थँक्सगिव्हिंगच्या सुमारास त्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या जूनमध्ये घरावर स्फोटके फेकली गेली. तेव्हा आईवडील बाहेरगावी होते आणि मुले घरात होती. जुलियन बंदूक घेऊन घराची राखण करत. पण ते गाव सोडून गेले नाहीत आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे गोरे शेजारीही निघाले. पुढच्या दोन दशकांत गावात जी चळवळ उभी राहिली तिची मुळे या प्रसंगात आहेत.

एप्रिल 1968 मध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर आठवड्याभरात घरांच्या व्यवहारातील वंशभेदाला बंदी घालणारा कायदा देशभर लागू झाला आणि मे महिन्यात ओक पार्कने स्वतःचा तसाच ठराव केला. अशा कायद्याने बंद दार उघडते. पण दार उघडल्यावर आतली माणसे पळून जाऊ लागली तर त्यावर कायद्यापाशी उपाय नसतो. ऑस्टिनमधली पळापळ समोर दिसत असल्यामुळे हे ओक पार्कच्या पुढाऱ्यांना नीट उमगले होते. त्यांनी केलेले उपाय मला फार शिकवणारे वाटतात.

पहिला उपाय भीती पसरवणाऱ्या पाट्यांवर. घरांसमोर 'विकणे आहे' अशा पाट्या लावायला गावाने मनाई केली. न्यू जर्सीतील विलिंगबरो या उपनगराची अशीच मनाई सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. पण ओक पार्कमधील दलालांनी पाट्या न लावण्याचा रिवाज आपण होऊन पुढे चालवला. दुसरा उपाय घरांच्या किमतीचा विमा. पाच वर्षांनंतर घर तोट्यात विकावे लागले तर तोट्याचा 80 टक्के भाग गाव भरून देईल, अशी योजना सत्तरच्या दशकाअखेरीस निघाली. ती कधी वापरावी लागली नाही. हमी आहे एवढे कळणेच पुरेसे झाले. तिसरा उपाय इमारतीचा : 1975 साली गावाची नवी कचेरी बांधली ती मुद्दाम पूर्वेकडच्या भागात, ऑस्टिनच्या हद्दीजवळ. आम्ही इथून हलणार नाही, हे सांगण्याची ती विटांची भाषा होती.

चौथा उपाय सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत वादग्रस्त. 1972 साली रॉबर्टा रेमंड यांनी घरे सुचवणारे एक केंद्र सुरू केले. भाड्याने घर शोधणाऱ्यांची तिथे ये-जा असे. गोऱ्या भाडेकरूला केंद्र पूर्वेकडच्या इमारती आवर्जून दाखवी, म्हणजे एरवी तो ज्या टाळेल त्या. कृष्णवर्णीय भाडेकरूला गावाच्या ज्या भागांत कृष्णवर्णीय कमी असतील तिथली घरे सुचवली जात. सक्ती नव्हती. अखेरची निवड भाडेकरूची असे. पण माणूस दारातून आत आला की त्याचा रंग पाहून सल्ला ठरे, हे नाकारता येत नाही.

इथे माझी लेखणी अडखळते. रंग पाहून घर नाकारणे हा अन्याय, मग रंग पाहून घर सुचवणे काय? त्या काळी अनेक कृष्णवर्णीयांनी हा प्रश्न विचारला. आम्ही एकमेकांच्या शेजारी राहिलो तर ती 'अडचण' आणि गोरे एकत्र राहिले तर तो 'शेजार', असे का, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. एखाद्या भागातील कृष्णवर्णीयांच्या संख्येवर मर्यादा घालावी, असा प्रस्तावही सत्तरच्या दशकात पुढे आला होता. तो बारगळला, हे बरेच झाले. तरीही दुसरी बाजू खोडता येत नाही. ऑस्टिनमध्ये बाजाराला मोकळे सोडले गेले; आणि तिथे वस्ती पालटल्यावर दुकाने, बँका, कारखाने एकामागून एक निघून गेले. त्याचा भुर्दंड तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनीच सोसला. मोकळा बाजार निष्पक्ष नव्हताच. दलालाचा सल्लाही रंग पाहूनच दिला जात होता. ओक पार्कने त्याच हत्याराची धार उलट्या दिशेला फिरवली, असे मला वाटते. हत्यार मात्र तेच होते.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये, यासाठी तक्त्यातील आणखी एका रकान्याकडे लक्ष वेधतो. आपण अमेरिकेत कोण? 1920 ते 1940 च्या जनगणनांत भारतातून आलेल्या माणसाची वंशाच्या रकान्यात 'हिंदू' अशी नोंद होई, मग तो शीख असो वा मुसलमान. 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नसल्याचे सांगून नागरिकत्व नाकारले. 1970 च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजले आणि 1980 पासून 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना आला. साठ वर्षांत आपल्या कातडीचा रंग बदलला नव्हता. बदलले होते ते मोजणाऱ्याचे डोळे.

1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारे भारतीय डॉक्टर-इंजिनियरांना उघडली. ते स्थिरावून उपनगरांत घरे घेऊ लागले तोवर 1968 चा कायदा होऊन गेला होता. शिकागोच्या परिसरात नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांत आज भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे घर घेताना आपल्या माणसांना कायद्याने अडवता आले नाही, यामागे जुलियन यांच्यासारख्यांनी जागून काढलेल्या रात्री आहेत. कष्टाने वर आलो, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण ज्या वाटेने आलो ती दुसऱ्यांनी मार खाऊन मोकळी केली होती, हेही सांगायला हवे.

ओक पार्कची गोष्ट सुफळ संपूर्ण झालेली नाही. 2020 च्या जनगणनेत तिथले कृष्णवर्णीयांचे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली आले आहे. या वेळी कारण पळापळीचे नाही. मिसळलेले गाव म्हणून ओक पार्कचे नाव झाले, घरांना मागणी वाढली, किमती आणि मालमत्ता कर चढले; आणि ज्यांच्यासाठी दारे उघडली त्यांच्यातल्या अनेकांना आता उंबरठा परवडत नाही. दलालाच्या भीतीवर गावाने उपाय शोधला होता. महागाईवर तसा विमा अजून निघालेला नाही. वस्ती एकदा मिसळली म्हणजे मिसळलेली राहते असे नाही. दर दहा वर्षांनी आकडे येतात, तेव्हा गावाने काय राखले आणि काय निसटले याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.