दोजिन्शींची सूची : हौशी प्रकाशने आणि नोंदीचा प्रश्न

ग्रंथसूचीला आपण सहसा वाङ्मयेतिहासाची दासी समजतो. इतिहासकार विधाने करतो, सूचीकार त्याला तारखा पुरवतो, एवढीच त्यांच्यातील श्रमविभागणी असे आपण मानत आलो आहोत. परंतु जे वाङ्मय प्रकाशकाविना, पुष्कळदा दुकानाविना आणि बहुधा लेखकाच्या खऱ्या नावाविना प्रसिद्ध होते, त्याच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. तेथे काय नोंदवावे हे ठरवणे म्हणजेच पुढे काय उरणार हे ठरवणे होय. जपानमधील 'दोजिन्शी' या हौशी चित्रकथांच्या सूचीकरणाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

'दोजिन्शी' या शब्दाची फोड 'एका ध्यासाने एकत्र आलेल्यांचे नियतकालिक' अशी करता येईल. शब्द मूळचा शुद्ध वाङ्मयीन. १८८५ साली ओझाकी कोयो, यामादा बिम्यो आदी तरुणांनी केन्यूशा नावाचे मंडळ स्थापन केले. त्यांचे 'गाराकुता बुंको' हे नियतकालिक आरंभी हस्तलिखित रूपात सभासदांमध्ये फिरत असे. छपाई नंतर आली. पुढे मुशानोकोजी सानेआत्सु, शिगा नाओया प्रभृतींचे 'शिराकाबा' (१९१० ते १९२३) हे याच परंपरेतले. म्हणजे आधुनिक जपानी साहित्याचा एक मोठा प्रवाह दोजिन्शींतूनच वाहिला आहे. आज मात्र हा शब्द उच्चारला की सामान्य जपानी माणसाच्या डोळ्यांपुढे आवडत्या मांगातील पात्रे घेऊन चाहत्यांनी स्वतः रचलेली, स्वतःच्या खर्चाने छापलेली पातळशी पुस्तिका उभी राहते. एकाच शब्दाचा हा प्रवास वाङ्मयाच्या प्रतिष्ठित इतिहासात फारसा नोंदला जात नाही.

या दोन अर्थांना जोडणारा एक लोभस दुवा आहे. १९५० च्या दशकात मियागी प्रांतातील एक शाळकरी मुलगा, पुढे मांगाकार म्हणून कीर्तिमान झालेला इशिनोमोरी शोतारो, 'बोकुजू इत्तेकी' (शाईचा एक थेंब) नावाचा अंक काढत असे. हेच नाव मासाओका शिकी यांच्या १९०१ सालच्या विख्यात स्फुटलेखमालेचे. अंकाची प्रत एकच, हाताने लिहिलेली आणि रेखाटलेली. ती टपालाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जाई. आकात्सुका फुजिओ हाही त्या मंडळीत होता. आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांच्या हस्तलिखित अंकांची आठवण ज्यांना आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. आता सूचीकाराने या अंकाची नोंद कोणत्या रकान्यात करावी? प्रकाशक नाही, किंमत नाही, आवृत्ती नाही. हस्तलिखित म्हणावे तर ते प्रसृत झालेले आहे. नियतकालिक म्हणावे तर प्रत एकच. अडचण अशी पहिल्या पायरीवरच सुरू होते.

मांगाविषयीच्या अशा हौशी मंडळांना देशव्यापी व्यासपीठ मिळाले ते तेझुका ओसामु यांच्या संस्थेने काढलेल्या 'कॉम' (१९६७ ते १९७१) या मासिकात. ते बंद पडल्यावर हे धागे विस्कळीत झाले. चाहत्यांचे मोठे संमेलन होते, पण त्यावर टीका करणाऱ्यास प्रवेश नाकारल्याच्या प्रकारातून असंतोष वाढला आणि 'मेइक्यू' या समीक्षक तरुणांच्या गटाने २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योत पहिला 'कॉमिक मार्केट' भरवला. त्यात ३२ मंडळे (तेथील शब्दात 'सर्कल') आणि सुमारे ७०० माणसे होती. त्यांतही बहुसंख्य शाळकरी मुली. संस्थापकांपैकी योनेझावा योशिहिरो (१९५३ ते २००६) यांचे नाव पुढे पुन्हा येईल. हा बाजार पुढे इतका वाढला की प्रत्येक वेळी सुमारे ३५,००० मंडळे सहभागी होऊ लागली. असा प्रसंग वर्षातून दोनदा येतो. या मंडळांच्या बहुतेक प्रकाशनांना पुस्तक-क्रमांक नसतो, वितरक नसतो, आणि प्रती संपल्या की पुनर्मुद्रण सहसा होत नाही.

या अफाट पसाऱ्याची पहिली सूची कोणत्याही ग्रंथालयाने केलेली नाही; ती बाजारानेच केली. बाजारात जागा मिळालेल्या मंडळांची पुस्तिका आयोजक काढू लागले. ती वाढत वाढत दूरध्वनी-निर्देशिकेच्या जाडीची झाली, पुढे सीडीवर आणि त्यानंतर संकेतस्थळावर आली. तिच्या प्रत्येक पानावर छोट्या छोट्या चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत त्या मंडळाने स्वतः काढलेले चित्र व चार शब्द असतात. मला ही चौकट फार बोलकी वाटते. ग्रंथालयाच्या सूचीत ग्रंथाचे वर्णन परका माणूस करतो. येथे नोंद निर्मात्याच्याच हस्ताक्षरात आहे. पण ही सूची ग्रंथांची नव्हे, माणसांची. अमुक टेबलावर अमुक मंडळ बसेल एवढेच ती सांगते. त्या टेबलावर प्रत्यक्षात कोणती पुस्तिका ठेवली गेली, किंबहुना ती वेळेवर छापून झाली की नाही, हे तिला ठाऊक नसते. आदल्या रात्री झेरॉक्स काढून पिना मारलेल्या पुस्तिका (त्यांना 'कोपी-बोन' असे स्वतंत्र नाव आहे) तिच्यात कोठून येणार?

दुसरी व्यवस्था नमुना-प्रतीची. प्रत्येक मंडळाने आपल्या नव्या प्रकाशनाची एक प्रत, तपशिलाची चिठ्ठी चिकटवून, आयोजकांकडे द्यायची. अशा प्रती आज लाखोंच्या घरात आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयाला जे जमले नाही ते स्वयंसेवकांच्या एका समितीने करून ठेवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र या संग्रहाचे चित्र एकरंगी नाही. १९९१ साली अश्लीलतेच्या आरोपावरून दोजिन्शी विकणाऱ्या दुकानांवर कारवाई झाली, माकुहारी येथील सभागृहाने बाजाराला जागा नाकारली, आणि त्यानंतर नमुना-प्रतींची तपासणी काटेकोर झाली. जी प्रत स्मृती म्हणून ठेवली जात होती, तीच आता परीक्षेचा कागद बनली. जपणूक आणि देखरेख एकाच चिठ्ठीवर नांदू लागली. अभिलेखागारांच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. पण हौशी मंडळींनी आपल्याच घरात ती स्वीकारावी यामागचा नाइलाज समजून घ्यायला हवा.

वर्गीकरणाकडे वळल्यावर तर या जगाची स्वतःची बुद्धी दिसते. जपानी ग्रंथालयांची दशांश पद्धती (पहिली आवृत्ती १९२९) सर्व मांगांना ७२६.१ या एकाच वर्गांकाखाली घालते. ग्रंथपालाच्या कपाटापुरते ते ठीक आहे. कॉमिक मार्केटने मात्र आपले तीन अंकी संकेतांक केले आणि ते सतत बदलत ठेवले. एखादी कथा लोकप्रिय झाली की तिला स्वतंत्र संकेतांक मिळतो, ओहोटी लागली की ती पुन्हा 'इतर' मध्ये विलीन होते. शास्त्रशुद्ध वर्गीकरण स्थिर असावे, असे आपले शिक्षण सांगते. पण हे जुने तक्ते एकापुढे एक मांडले तर चाळीसपन्नास वर्षांच्या लोकरुचीचा जो आलेख मिळतो, तो कोणत्याही स्थिर वर्गांकातून मिळाला नसता.

जुन्या दोजिन्शी विकणाऱ्या दुकानांची पद्धत याहून सूक्ष्म. १९८० साली नाकानो येथे सुरू झालेले 'मांदाराके' किंवा इकेबुकुरो भागातील स्त्री-वाचकांची दुकाने कपाटे लावतात ती मूळ कथेनुसार, आणि त्यानंतर जोडीनुसार. ताकाहाशी योइची यांची 'कॅप्टन त्सुबासा' ही फुटबॉलवरील मांगा १९८१ साली सुरू झाली. दशकाच्या मध्यावर तिच्यातील मुलांमधील प्रेमसंबंध कल्पून लिहिणाऱ्या मुलींची मोठी लाट आली. त्यांतील कोजिरो आणि केन ही गाजलेली जोडी घ्या. 'कोजिरो गुणिले केन' आणि 'केन गुणिले कोजिरो' या दुकानदाराच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण आधी येणारे नाव संबंधात पुढाकार घेणाऱ्याचे. क्रम उलटला की नात्याचा अर्थ उलटतो, आणि वाचकही बदलतो. ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांत हा भेद मांडायला जागाच नाही. बाहेरच्याला तो पोरकट वाटेल. परंतु शृंगाररसातील नायिकाभेद शिकवणाऱ्या आपण मंडळींनी तरी त्याला हसू नये.

संगणक आल्यानंतर चाहत्यांनी ज्या सूच्या रचल्या, त्यांनी हीच बुद्धी रकान्यांत उतरवली. मंडळ, लेखनाम, मूळ कथा, पात्रे, जोडी, आकार, पृष्ठसंख्या, मुखपृष्ठाचे चित्र आणि बाजाराचा अनुक्रमांक असे त्यांचे घटक. लेखनामाचा रकाना सर्वांत त्रासाचा. जपानी चित्रलिपीतील नावाचे उच्चार अनेक संभवतात, आणि टोपणनाव असले की खरा उच्चार घेणाऱ्यालाच ठाऊक. एकच व्यक्ती कथागणिक नाव बदलते. उलटपक्षी एका नावामागे अनेक हात असतात. 'क्लॅम्प' हे आज जगप्रसिद्ध नाव १९८० च्या दशकात डझनभर मुलींचे दोजिन्शी-मंडळ होते. त्यांतल्या काही जणी राहिल्या, बाकीच्या गेल्या. त्या काळच्या पुस्तिकेवर 'कर्ता' म्हणून काय लिहायचे?

तारखेचा रकाना त्या मानाने सोपा, असे वाटेल. दोजिन्शीच्या शेवटच्या पानावर 'ओकुझुके' असते, म्हणजे तारीख, मंडळ, मुद्रक यांचा तपशील. आणि तारीख बहुधा बाजाराच्या दिवसाचीच असते. म्हणून सूचीकार बाजाराच्या अनुक्रमांकावर विसंबतो. परंतु मे २०२० मध्ये व्हायचा अठ्ठ्याण्णवावा बाजार साथीमुळे रद्द झाला. त्याचा क्रमांक मात्र पुन्हा वापरला गेला नाही: नव्व्याण्णवावा डिसेंबर २०२१ मध्ये आणि शंभरावा ऑगस्ट २०२२ मध्ये भरला. अठ्ठ्याण्णवाव्यासाठी सिद्ध केलेली पुस्तके मग टपालाने आणि संगणकजालावरून वाचकांकडे गेली. न भरलेल्या बाजारात प्रसिद्ध झालेले पुस्तक, अशी नोंद करण्याची वेळ त्यामुळे आली.

अधिकृत संस्थांचे काय? राष्ट्रीय दायेत ग्रंथालयाच्या १९४८ च्या कायद्यानुसार प्रसृत झालेल्या प्रत्येक प्रकाशनाची प्रत जमा व्हायला हवी, आणि हे बंधन तत्त्वतः हौशी प्रकाशनांनाही लागू आहे. प्रत्यक्षात मांगा-दोजिन्शींचा अत्यल्प भागच तेथे पोचतो. खरी जपणूक झाली ती व्यक्तींच्या वेडापायी. नाइकी तोशिओ यांनी १९७८ साली तोक्योत आधुनिक मांगांचे ग्रंथालय उघडले. त्यांचा संग्रह पुढे मेइजी विद्यापीठाकडे आला. योनेझावा यांच्या निधनानंतर त्यांचा सुमारे १ लाख ४० हजार ग्रंथ-मासिकांचा संग्रहही त्याच विद्यापीठाने स्वीकारला, आणि २००९ च्या ऑक्टोबरात त्यांच्या नावाचे स्मारक ग्रंथालय सुरू झाले. बाजाराचा संस्थापक मृत्यूनंतर ग्रंथालय झाला. हा योगायोग नव्हे.

प्रती जमा का होत नाहीत, याचे उत्तर केवळ आळस असे देणे अन्यायाचे होईल. दोजिन्शीकार दुसऱ्याची पात्रे वापरतो. जपानी कायद्यात अशा उल्लंघनावर खटला चालायचा तर मूळ हक्कदाराने तक्रार करावी लागते. तो गप्प राहतो तोवर सारे चालते. २०१८ च्या डिसेंबरात कायदा बदलला तेव्हाही तक्रारीशिवाय खटला भरण्याची मुभा मर्यादित ठेवून दोजिन्शींना बाहेर राखले गेले. ही सारी इमारत मौनावर उभी आहे, म्हणून तिची भाषाही जपून वापरलेली. तेथे 'विक्री' होत नाही, 'वाटप' होते. 'गिऱ्हाईक' नसते, सगळेच 'सहभागी'. मौन मोडते ते पुस्तिका फार दिसू लागली की. 'दोराएमोन'चा कल्पित शेवट सांगणारी २००५ ची एक दोजिन्शी सुमारे १३,००० प्रती खपली, तेव्हा प्रकाशनसंस्थेने दखल घेतली. २००७ मध्ये कर्त्याने माफी मागून नफ्याचा वाटा दिला. शंभर प्रतींच्या पुस्तिकेला हा प्रसंग येत नाही. आपली पाने शोधयंत्रात सापडू नयेत म्हणून चाहत्या मुलींनी पात्रांची नावे मधली अक्षरे गाळून लिहिण्याची जी रीत पाडली, तिचे मूळ येथे आहे. आणि सूची तर शोध लागावा म्हणूनच असते.

याहून नाजूक बाब ओकुझुकेचीच. १९७० आणि ८० च्या दशकांत त्या पानावर लेखिकेच्या घरचा पत्ता सर्रास छापलेला असे, कारण वाचकाने पत्र आणि पैसे पाठवायचे ते त्याच पत्त्यावर. सूचीशास्त्राचा नियम सांगतो की ओकुझुके जसेच्या तसे उतरवावे. मंडळाचे नाव, तारीख, मुद्रक घ्यावेत, पत्ता गाळावा, आणि त्या पानाचे छायाचित्र खुल्या सूचीत ठेवू नये, असे माझे मत आहे. संशोधकाची यात थोडी हानी आहे हे मान्य. कोणत्या प्रांतातल्या, कोणत्या गावातल्या मुली लिहीत होत्या याचा एकमेव पुरावा पुष्कळदा तो पत्ताच असतो. प्रांताचे नाव तेवढे ठेवून हा पेच काहीसा सुटेल.

पण नोंदच करू नये, हा युक्तिवाद मला पटत नाही. 'आम्ही हे थोड्यांसाठी केले, ते थोड्यांतच विरू द्या' असे म्हणण्याचा हक्क करणारीला आहे, आणि तिने तसे कळवल्यास तिची प्रत कुलूपबंद राहावी. मात्र ज्यांनी काहीच कळवलेले नाही अशांची संख्या अफाट आहे. १९८५ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. घरातल्यांना कदाचित ठाऊकही नसेल की तिने कधी चाळीस पानांची एक पुस्तिका काढली होती; आणि तिची प्रत खुद्द तिच्याजवळ उरली असेलच असे नाही.