शेळी गाभडली तर आधी नमुना

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींनी कर्ज काढून शेळ्या घेतल्या आहेत. म्हणून आज जनावरांचा रोग ओळखण्याची रीत कशी बदलत गेली, ते सांगते.

लालकंधारी आणि देवणी जनावरांच्या आपल्या मुलखात रोगांना नावं लक्षणांवरून पडली. गळा सुजून घरघर लागली की घटसर्प. फऱ्यावर सूज आली आणि दाबल्यावर करकर वाजली की फऱ्या. जुन्या माणसांची ही नजर पक्की होती. पण संध्याकाळी धड असलेलं जनावर सकाळी मेलेलं दिसलं, तर नुसत्या नजरेनं काय कळणार?

1876 साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिला. मग 1889 मध्ये आपल्या पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. भरवस्तीत जंतू हाताळणं धोक्याचं, म्हणून 1893 साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आज इज्जतनगरला असलेली पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. आपल्या लातूर जिल्ह्यात 1987 पासून उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आपल्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र माल्टा बेटावरची आहे. तिथं इंग्रज शिपायांना येऊन-जाऊन ताप यायचा. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांना त्याचा जंतू सापडला, पण तो येतो कुठून हे कळेना. 1905 साली झमित नावाच्या डॉक्टरांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. दिसायला ठणठणीत शेळ्या, पण रोग त्यांच्यातच! शिपायांना कच्चं दूध देणं बंद केलं आणि ताप ओसरला. हाच ब्रुसेल्ला, म्हणजे सांसर्गिक गर्भपात.

बायांनो, शेळी गाभडली की वार कोण उचलतं? आपणच, तेही उघड्या हातांनी. म्हणून एवढं करा. हातात मोजे घाला. गाभडलेलं पिल्लू आणि वार कुत्र्यांपुढं टाकू नका. डॉक्टरांना दाखवून चुना घालून खोल पुरा. शेळीच्या रक्ताची तपासणी करून घ्या. दूध उकळूनच प्या. गाई-म्हशींच्या मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात याची लस टोचून घ्या.

कोणत्याही आजारात प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याआधी नमुना घ्यायला सांगा, कारण औषध आधी गेलं तर तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं. अचानक मेलेलं जनावर सोलू नका, फाडू नका. काळपुळी असेल तर कानाच्या थेंबभर रक्तावरून डॉक्टरांना कळतं.

आणि आपल्याला ताप येऊन-जाऊन राहिला, सांधे दुखू लागले, तर दवाखान्यात न विचारता सांगा, “आमची शेळी गाभडली होती.” एवढ्या एका वाक्यानं डॉक्टरांना योग्य तपासणी सुचेल.