श्वास मोजणाऱ्या बायका

विदर्भातल्या सरकारी दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली. पावसाळ्यात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं असायची. कुणाला न्यूमोनिया, कुणी जुलाबानं सुकलेलं. बाप मजुरी बुडवून व्हरांड्यात बसलेला, घरची बाकीची लेकरं शेजाऱ्यांच्या भरवशावर. केसपेपरवर हकिगत ठरलेली: चार दिवसांपासून ताप, खोकला. त्या चार दिवसांत गावातच औषध मिळालं असतं, तर यातल्या कितीतरी पोरांना खाट लागलीच नसती.

प्राथमिक आरोग्य केंद्रं होती. आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक, असा नियमही होता. पण नाल्याला पूर आला की पलीकडच्या गावाला त्याचा काय उपयोग?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ च्या सुमारास न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचं काम गावातल्याच माणसांच्या, दायांच्याही, हाती दिलं. न्यूमोनियात पोराचा श्वास जलद होतो, पसल्या उडतात. श्वास मोजला की निदान होतं. अडचण एवढीच, की कित्येक दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. मग एक साधन तयार झालं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, की न्यूमोनिया समजून औषध सुरू. मला हे साधन स्टेथोस्कोपच्या तोडीचं वाटतं. त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी झाले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे निष्कर्ष छापले.

पुढे ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायका नवजात बाळांची घरीच काळजी घेऊ लागल्या, गरज पडली तर इंजेक्शनही देऊ लागल्या. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या घरात आला. २००५ मध्ये आशा योजना आली आणि २०११ पासून नवजाताची घरी जाऊन काळजी घेणं देशभरातल्या आशांचं काम झालं.

आज तुमच्या गावच्या आशाताईच्या पिशवीत ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आहेत का, तिचं मानधन वेळेवर मिळतं का, हे तिला एकदा विचारा. नसेल तर पावसाळ्याच्या आधीच ग्रामसभेत विषय मांडा.