कोरोमंडलची चीट आणि डच स्त्रियांचे जाकीट : शिवणीतून उलगडणारा इतिहास

अठराव्या शतकात नेदरलँड्समधील स्त्रिया घागऱ्यावर कमरेखाली थोडे उतरणारे सुती जाकीट घालीत. त्याचे रंगीत कापड भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून येई. डच भाषेत त्यास 'सिट्स' म्हणतात. मराठीतील 'चीट' हा शब्द त्याच कुळातील होय. डच ईस्ट इंडिया कंपनीची पुलिकत येथील वखार १६१० ची. फ्रान्सने १६८६ ते १७५९ या काळात अशा कापडावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये १७०१ पासून निर्बंध आले व १७२१ च्या कायद्याने ते अधिक कडक झाले. डचांनी मात्र अशी बंदी घातली नाही. फ्रीसलँडमधील हिंदेलोपेनसारख्या गावी तर चीट स्थानिक पोशाखाचाच भाग बनली, आणि शोककाळासाठी तांबड्याऐवजी निळ्या-पांढऱ्या चिटीची वस्त्रे शिवली गेली.

ऐतिहासिक नाटक, चित्रपट वा संग्रहालयासाठी असे जाकीट नव्याने शिवताना पहिली अडचण बेतणीची येते. आजच्या ब्लाउजप्रमाणे छातीशी टक्स घेऊन ते बसविता येत नाही. जाकिटाला आकार देण्याचे काम आतील काचोळी करी; देवमाशाच्या जबड्यातील लवचिक पट्ट्या घालून ती ताठ केलेली असे. काचोळीशिवाय घातलेले जाकीट, शिलाई कितीही सफाईदार असली तरी, अंगावर सुरकुतते. घेरासाठी कमरेखाली कळ्या बसवीत व आत बहुधा तागाचे अस्तर लावीत. शिवणयंत्राच्या आधीचा हा काळ असल्याने सारे काम हातटाक्याचे होते.

मूळ जाकिटांत लहान तुकड्यांचे जोड वारंवार आढळतात. त्यांस शिंपिणीचा हलगर्जीपणा समजणे चूक आहे. कापड महाग आणि मजुरी स्वस्त होती; म्हणून जुन्या वस्त्राची शिवण उसवून, चार टाके अधिक घालून, तुकडाही वाया जाऊ दिला जात नसे. जमाखर्चाच्या वह्यांत कापडाची किंमत सापडते. परंतु त्या किमतीने बेतणीवर घातलेली मर्यादा जोडातच दिसते. आजच्या रुंद पन्ह्याच्या कापडात जोडांची गरज उरत नाही. तेव्हा ते केवळ शोभेसाठी नक्कल करणे व्यर्थच. परंतु आहे त्या कापडातच भागविण्याचे बंधन स्वीकारून बेतल्यास ते आपोआप योग्य जागी येतात.

कापडाच्या निवडीत याहून मोठी फसगत संभवते. कोरोमंडलचे कारागीर तुरटी व लोहद्रव कलमाने रेखाटून, चायमुळाच्या रंगात कापड उकळून अनुक्रमे तांबडा व काळा रंग साधीत. जो भाग निळा करायचा नसे तो मेणाने झाकून निळीत बुडवीत. पिवळा रंग बहुधा शेवटी वरून भरीत. निळ्यावर तो पडला की पाने हिरवी होत. हा पिवळा कच्चा असल्याने उन्हाने व धुण्याने उडाला. म्हणूनच संग्रहालयांतील अनेक चिटींवर पाने आज निळी दिसतात. त्यांवरून यंत्राने छापलेले कापड वापरणारा वेशभूषाकार १७५० चे जाकीट नव्हे, तर अडीच शतके विटलेले जाकीट शिवतो. पाने पुन्हा हिरवी केली तर प्रेक्षकाला रंग भडक वाटेल. तरीही ती हिरवीच हवीत. जाकीट घालणाऱ्या काही स्त्रियांची नावे घराण्यांच्या कागदपत्रांतून मिळतात, कलम चालविणाऱ्यांची मात्र क्वचितच. आणि शेवटचा हात त्यांनी पिवळ्याचाच दिला होता.