किमान वेतन : कोणाला विचारून ठरले?

किमान वेतनाचा प्रश्न आपल्या चळवळीत बहुधा आकड्याच्या रूपाने येतो. इतके रुपये मिळतात, तितके मिळाले पाहिजेत, अशी मागणी होते. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते. ही लढाई आवश्यकच आहे. परंतु जो आकडा शासन राजपत्रात छापते तो कुठून येतो, हा प्रश्न आपण क्वचित विचारतो. तो आकडा कोणत्या तरी चौकशीतून येतो. ती चौकशी कोणी आखली, कोणत्या घरात गेली, कोणाला काय विचारले आणि कोणाला विचारलेच नाही, यावर वेतनाचे अर्धे भवितव्य आधीच ठरलेले असते. म्हणून वेतनाच्या इतिहासाबरोबर वेतनविषयक चौकशांचा इतिहासही आपण वाचला पाहिजे.

हा इतिहास मुंबईपासून सुरू करणे योग्य ठरेल. १९२१ साली मुंबई सरकारने मजूर कार्यालय स्थापन केले आणि १९२१-२२ मध्ये या कार्यालयाने शहरातील श्रमिकांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली. जी. फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे २५०० कुटुंबांचा हिशेब त्यात होता. कामगार किती धान्य खातो याची तुलना अहवालाने दुष्काळ संहितेशी आणि तुरुंगाच्या नियमावलीशी केली. निष्कर्ष असा निघाला, की मुंबईचा गिरणी कामगार दुष्काळी कामावरच्या मजुराला देण्याच्या कमाल धान्याइतके खातो, पण तुरुंगातल्या कैद्यापेक्षा कमी खातो. साम्राज्य सरकारच्याच कार्यालयाने हे लिहून ठेवले! नीट आखलेली पाहणी सत्ताधाऱ्यांनाही अडचणीची ठरते, ती अशी.

परंतु या पाहणीची एक मर्यादा होती आणि ती आपल्याशी संबंधित आहे. सरासरी काढली की जात दिसेनाशी होते. गिरणीत विणकाम खात्याची मजुरी कातकाम खात्यापेक्षा चांगली होती. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली ती यामुळेच. एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर जाणाऱ्या दोन कामगारांच्या मजुरीत जो फरक पडत होता त्याचे कारण कौशल्य नव्हते, जन्म होता. ‘गिरणी कामगाराचे सरासरी उत्पन्न’ या शब्दांत हे कारण मावत नाही.

जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. या चार वर्षांकडे आपण कामाचे तास, सेवायोजन कार्यालये, खाणीतील स्त्रिया अशा निर्णयांची यादी म्हणून पाहतो. त्या यादीमागची पद्धत मात्र दुर्लक्षित राहते. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदेत प्रश्न मांडायचा, मग वस्तुस्थितीची चौकशी करायची आणि त्यानंतर कायदा आणायचा, असा तो क्रम होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली गेली. समितीचा मुख्य अहवाल १९४६ साली आला आणि त्याबरोबर उद्योगवार स्वतंत्र अहवालही आले. कापड गिरण्या आणि खाणी त्यात होत्याच. पण कातडी कमावण्याचे कारखाने, विडी, गालिचे, अभ्रक, नगरपालिकांचे कामगार आणि रिक्षा ओढणारेही होते. ज्यांची संघटना नव्हती आणि ज्यांच्यात आपली माणसे मोठ्या संख्येने होती, असे हे धंदे. सरकारच्या दप्तरात त्यांचे जिणे उद्योग म्हणून नोंदले गेले, ही गोष्ट लहान नाही.

११ एप्रिल १९४६ रोजी बाबासाहेबांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. ते पुढे स्वतंत्र भारतात, जगजीवन राम मजूरमंत्री असताना, १९४८ साली कायदा झाले. या कायद्याची परिशिष्टे आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहावीत. पहिल्या भागात विडी, कातडी, दगडफोड, रस्ते व इमारतींचे बांधकाम, स्थानिक संस्थांतील नोकरी असे धंदे होते. दुसऱ्या भागात एकटी शेती होती. गावकुसाबाहेरच्या माणसाचा दिवस ज्या कामांत जातो त्यातली बरीच कामे या यादीत सापडतात.

मात्र वेतन कशाच्या आधारे ठरवायचे याचे माप या कायद्याने दिले नाही. त्याने दोन वाटा दिल्या. एक, समिती नेमून चौकशी करायची. दुसरी, सरकारने प्रस्ताव राजपत्रात छापून हरकती मागवायच्या. राजपत्र वाचून दोन महिन्यांत लेखी हरकत कोण घेणार? मालकांच्या संघटनेचा वकील घेणार. दगड फोडणारी बाई घेणार नाही. आणखी एक कलम असे होते, की ज्या धंद्यात संपूर्ण राज्यात १००० पेक्षा कमी कामगार असतील तिथे सरकारने वेतन ठरवले नाही तरी चालेल. म्हणजे मोजणी हा केवळ अभ्यासकांचा विषय राहिला नाही. ज्यांना कोणी मोजले नाही ते हजाराच्या आतच राहिले.

शेतीची कथा याहून बोलकी आहे. पहिल्या भागातील धंद्यांना वेतन ठरवायला दोन वर्षे, शेतीला तीन वर्षे, अशी मुदत होती. शेतीची मुदत वारंवार वाढवली गेली आणि अखेरीस ती अटच राहिली नाही. रेगे समितीच्या कक्षेत शेतमजूर नव्हता. म्हणून त्याच्यासाठी वेगळी अखिल भारतीय चौकशी १९५०-५१ मध्ये झाली आणि दुसरी १९५६-५७ मध्ये. पहिल्या चौकशीत शेतमजूर कुटुंबे १ कोटी ७९ लाख भरली, दुसरीत १ कोटी ६३ लाख. पुरुषाची सरासरी रोजची मजुरी दशमान हिशेबाने १०९ पैशांवरून ९६ पैशांवर आली, स्त्रीची ६८ वरून ५९ वर. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात शेतमजूर अधिक गरीब झाला, असा याचा सरळ अर्थ. पण लगेच वाद निघाला, कारण दोन चौकश्यांची मापे वेगळी होती. पहिलीत ज्याचे निम्मे किंवा अधिक दिवस शेतमजुरीत गेले तो शेतमजूर. दुसरीत ज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतमजुरीतून आला तो शेतमजूर. धान्याच्या रूपात मिळालेल्या मजुरीची किंमत पहिलीत किरकोळ भावाने धरली, दुसरीत घाऊक भावाने.

हा तांत्रिक वाद नव्हे. मजुराला ज्वारी मिळाली नाही तर ती त्याला दुकानातून किरकोळ भावाने घ्यावी लागते. मालक मात्र ती आडतीवर घाऊक भावाने विकतो. तीच पायली कोणाच्या हिशेबाने मोजायची? एका व्याख्येने आणि एका भावाने लाखो कुटुंबांचे दारिद्र्य वर-खाली होते आणि मग ‘आकडे तुलनेस पात्र नाहीत’ असे म्हणून धोरण ठरवणाऱ्यांना हात झटकता येतात. चौकशी नीट न आखल्याचा लाभ नेहमी वेतन न वाढवणाऱ्याला होतो.

जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय मजूर परिषदेने गरजेवर आधारित वेतनाचे माप दिले. मिळवत्या एका माणसामागे तीन उपभोग घटक : पुरुष १, स्त्री ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. आहारतज्ज्ञ ॲक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे आहार, माणशी वर्षाला १८ वार म्हणजे चौघांना ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक वसाहतीच्या दराने भाडे आणि जळण, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण, लग्न यांसाठी २५ टक्क्यांची भर घातली. पोटाबरोबर मुलांची शाळाही वेतनात धरावी, हे स्पष्ट व्हायला कायद्यानंतर त्रेचाळीस वर्षे गेली.

या मापाचे मोल मोठे आहे. त्याच्यापुढे ‘धंद्याला परवडत नाही’ ही तक्रार टिकत नाही. तरीही त्यातील कुटुंब कोणाचे, हे विचारले पाहिजे. एक पुरुष मिळवतो, बायको घरी, मुले दोन : हे चित्र कायम नोकरीतल्या शहरी कामगाराचे. आपल्या घरात स्त्री कधी घरी बसली? ती खुरपायला गेली, खडी फोडायला गेली, रस्ते झाडायला गेली. मापात तिची कमाई धरू नये असे ठरले, ते कुटुंबाच्या वेतनाला आधार म्हणून; पण पाटी उचलणाऱ्या बाईची भूक ०.८ का, हे कोणी तिला विचारले नव्हते. घरात म्हातारी सासू असते, तिचा घटक कुठे?

माझ्या आईच्या हजेरीचा हिशेब मी लहानपणी चुलीच्या बाजूच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघांत पाहिला. तीत पूर्ण रेघ होती, अर्धी होती, आणि काम करूनही पैसे न मिळालेल्या दिवसाला फुली होती. पुढे पाहणीचे छापील अर्ज वाचू लागलो तेव्हा त्यांत ‘रोजची मजुरी’ असा एक रकाना दिसला. फुलीसाठी रकाना नव्हता. आणि विचारणारा माणूस गावात आला तर बसत असे तो मालकाच्या ओट्यावर. तिथे उभे राहून कोण खरी मजुरी सांगेल?

ऊसतोडीकडे पाहावे. तिथे ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल पुरुषाच्या नावावर, मजुरी टनावर. दिवसाची मजुरी किती, हा प्रश्नच तिथे चुकीचा ठरतो. आणि बाईची मजुरी किती, याचे उत्तर कागदावर सापडत नाही. सालगड्याचेही तसेच. वर्षाच्या उचलीला दिवसांनी भागले तर आकडा मिळतो, पण तो किती तास राबला हे त्यात येत नाही. प्रश्नावली जर मुकादमाच्या वहीवरून बनवली तर उत्तरेही मुकादमाचीच येणार.

अलीकडचा इतिहासही वेगळे सांगत नाही. केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये नवे माप सुचवले. २४०० कॅलरी, ५० ग्रॅम प्रथिने, ३० ग्रॅम स्निग्धांश आणि तीनऐवजी ३.६ उपभोग घटक धरून जुलै २०१८ च्या किमतींनुसार राष्ट्रीय पातळीवर दिवसाला ३७५ रुपये, असा हिशेब तिने दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने राष्ट्रीय तळवेतन जाहीर केले ते १७८ रुपये. आधीच्या १७६ वर दोन रुपये. संशोधन एका दालनात, निर्णय दुसऱ्या दालनात! २०१९ च्या वेतन संहितेने १९४८ चा कायदा रद्द करून त्याचा विषय आपल्यात घेतला आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. वेतन आता परिशिष्टातील धंद्यांपुरते मर्यादित नाही, सर्वांना लागू आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण सर्वांना लागू असलेल्या वेतनासाठी सर्वांची चौकशी कशी होणार, हा प्रश्न यामुळे अधिक तीव्र झाला आहे.

तेव्हा आपण काय करावे? तज्ज्ञ समित्यांची वाट पाहत बसणे हा उपाय नाही. शिरास यांच्या कार्यालयाने शंभर वर्षांपूर्वी जे केले ते आपल्या महाविद्यालयांतील मुले-मुली आपल्या वस्त्यांत करू शकतात. मात्र पाहणी आखताना काही पथ्ये पाळावी लागतील. घर हे मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या यादीतून निवडू नये, वस्तीतून निवडावे. एका दिवसाची मजुरी न विचारता वर्षभरातले कामाचे, बिनकामाचे आणि बुडालेल्या मजुरीचे दिवस वेगवेगळे लिहावेत. स्त्रीला स्वतंत्रपणे, पुरुष समोर नसताना विचारावे. धान्य, उचल, फुटके कपडे, उरलेली भाकर यांची किंमत मजुराला बाजारात पडते त्या भावाने धरावी. कायद्याने ठरलेले वेतन आणि हातात पडलेले वेतन शेजारी-शेजारी लिहावे. आणि जातीचा रकाना टाळू नये. एकाच नगरपालिकेत कायम झाडूवाला आणि ठेक्यावरचा झाडूवाला कोणत्या जातीचे, हे कळल्याशिवाय सरासरी खोटीच राहील.

हे सारे करून सरकार लगेच ऐकेल, असा भ्रम नको. ३७५ चे १७८ होतात हे आपण पाहिले आहे. पण १७८ वर भांडण्यासाठी हातात ३७५ चा हिशेब असावा लागतो, आणि तो हिशेब आपल्या घरातून निघालेला असावा लागतो. बाबासाहेबांनी कायद्याआधी चौकशी ठेवली. ज्याचे दुःख कागदावर आले नाही त्याचा हक्कही कागदावर येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा आता आपणच वहीत उतरवून घेतल्या पाहिजेत, फुल्यांसकट.