सह्याद्रीला पायऱ्या कशा पडल्या? आणि पावसाळ्यात त्याच्या कुशीतली गावं धोक्यात का येतात?

मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या आसपास खिडकीबाहेर पाहिलं, की समोरचा डोंगर एकसंध दिसत नाही. काळा उभा कडा, त्याखाली हिरवा उतार, मग पुन्हा कडा, पुन्हा उतार. कोणीतरी मोजून पायऱ्या कापल्यासारखं. महाराष्ट्राच्या मोठ्या भागाखाली असलेल्या खडकाचं नावही यावरूनच पडलंय. 'डेक्कन ट्रॅप'मधला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे. तो स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे.

ही गोष्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुरू झाली. जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा बाहेर आला. तो शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीसारखा उसळला नाही, तर पातळ पिठासारखा पसरत गेला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा. असे थर साचत गेले आणि आज घाटमाथ्याच्या भागात त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर हेसुद्धा शेवटी लाव्हाच्या थरांचंच आहे.

सगळा बेसॉल्ट सारखा नसतो

पायऱ्यांचं गुपित इथं आहे. काही थरांतला खडक घट्ट आणि कठीण असतो. काही थरांत मात्र लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यामुळे खडक सच्छिद्र राहिला. (या पोकळ्यांत नंतर झिओलाइटसारखी खनिजं तयार झाली. रस्त्याच्या कामात किंवा खाणीत सापडणारे पांढरे चमकदार दगड ते हेच.) ऊन, पाऊस आणि हवा दोन्ही थरांवर सारखंच काम करतात, पण सच्छिद्र थर लवकर झिजतो आणि त्याचा उतार होतो. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. खालचा आधार गेला की त्याचेही मोठे तुकडे सुटून खाली येतात.

आपले किल्ले याच रचनेवर उभे आहेत. राजगडावर उभ्या कातळावरचा बालेकिल्ला आणि त्याच्या पायाशी पसरलेल्या माच्या पाहिल्या, की बांधणाऱ्यांनी खडकाची झीज किती नेमकी ओळखली होती ते कळतं. तट बांधायचे कष्ट बऱ्याच ठिकाणी निसर्गानेच वाचवले होते.

शाळेच्या भूगोलात या झिजेला 'विदारण' म्हटलं होतं. बहुतेकांनी तो शब्द परीक्षेपुरता पाठ केला असेल. त्याचा अर्थ इतकाच, की खडक जागच्या जागी फुटतो किंवा कुजतो. पावसाचं पाणी बेसॉल्टमधल्या खनिजांवर रासायनिक परिणाम करतं आणि त्यांची चिकणमाती होते. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे पाहिलं तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल दगड दिसतात. तेही विदारणच. खूप पाऊस आणि भरपूर काळ मिळाला, की खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं आणि जांभा तयार होतो. पाचगणीच्या टेबललँडचा सपाट माथा असाच जांभ्याचा आहे.

मग नद्या काय करतात?

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरवर, तरीही ती उलट दिशेने सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. कारण सह्याद्री म्हणजे दोन्हीकडे सारखा उतरणारा डोंगर नाही. ती पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड आहे. पूर्वेला उतार मंद, पश्चिमेला थेट कडा. कोकणातल्या नद्या लांबीने छोट्या पण उताराने तीव्र, त्यामुळे त्या आपल्या उगमाकडचा भाग सतत पोखरत असतात. लाखो वर्षांत ही कड थोडी थोडी पूर्वेकडे सरकत आली आहे. उल्हास नदीची राजमाचीजवळची खोल दरी हे त्याचं जवळचं उदाहरण.

पूर्वेकडच्या नद्यांचं काम वेगळं. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरगर फिरत राहिले आणि त्यांनीच कठीण बेसॉल्टमध्ये हे खळगे कोरले.

हीच झीज अचानक झाली तर

आतापर्यंतचं सगळं इतकं सावकाश चालतं, की माणसाच्या आयुष्यात ते जाणवत नाही. पण उतारावर साचलेल्या माती-मुरुमाचा नियम वेगळा आहे. हा भुसभुशीत थर कठीण खडकावर नुसता टेकलेला असतो. सलग जोरदार पाऊस झाला की पाणी त्यात मुरतं, खालच्या खडकाशी अडतं आणि साचतं. मातीचं वजन वाढतं, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि उताराला धरून ठेवणारं घर्षण कमी होतं. एका क्षणी सगळा थर खाली सरकतो.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये हेच झालं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी. तिन्ही घटना जुलैतल्या, तिन्ही वेळा मुसळधार पाऊस. पण दरड फक्त पावसाने कोसळते, असं म्हणणं सोपं आहे आणि अपुरं. रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा कापला, की वरच्या मातीचा टेकू जातो. पाणी वाहून जाण्याची वाट बुजली, की ते आत मुरतं.

इर्शाळवाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं पावसात डोंगर चढून गेली. सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हे त्यानंतर समोर आलं. यादीत नाव असो वा नसो, उतार सरकण्याआधी बऱ्याचदा काही खुणा दिसतात: जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा, झाडं आणि विजेचे खांब कलणं, नेहमीचा झरा अचानक गढूळ होणं किंवा आटणं, कोरड्या जागी नवा झरा फुटणं, दारं-खिडक्या अडकायला लागणं. यातलं काही पावसाळ्यात दिसलं, तर रात्र होण्याआधी घर सोडून उताराच्या वाटेपासून बाजूला जावं आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवावं. ओढ्याकाठी थांबू नये, कारण सुटलेला चिखल आणि दगड बहुतेकदा ओढ्याच्याच वाटेने खाली येतात.