सुईची साक्ष

जखम भरली म्हणजे दुखणें संपलें, असा आपला सर्वांचा समज असतो. परंतु कित्येकांची जखम भरून येते, व्रण तेवढा उरतो, आणि हातापायांतली आग मात्र वाढतच जाते.

अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयांत डॉ. सायलस वेअर मिचेल यांनीं असे सैनिक पाहिले. गोळीनें मज्जातंतु दुखावलेला, कातडी लाल व चकचकीत. कागदाची सळसळही सोसवेना. कोणी हातावर सदैव ओलें फडकें ठेवी, कोणी बुटांत पाणी ओती. १८६४ सालीं मिचेल यांनीं दोन सहकाऱ्यांसह हें सारें ग्रंथरूपानें मांडलें; पुढें या व्याधीला त्यांनीं ‘कॉझाल्जिया’, म्हणजे दाहवेदना, हें नांव दिलें.

पहिल्या महायुद्धांत फ्रेंच शल्यविशारद रेने लेरिश यांनीं कारणाचा माग घेतला. रक्तवाहिन्यांचा संकोच आणि घाम यांवर सत्ता चालविणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूंतच दोष असावा, असें त्यांना वाटलें. रोहिणीभोंवतालचें त्या तंतूंचें जाळें सोलून काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. नोव्होकेन हें बधिर करणारें औषध १९०५ पासून वापरांत होतेंच. तेव्हां हात दुखत असेल तर मानेंत, पाय दुखत असेल तर कंबरेच्या मणक्यांजवळ सुई घालून ते तंतु तात्पुरते बधिर करण्याची रीत पडली.

उपचारासाठीं आलेली ही सुई हळूहळू न्यायासनावर बसली. तिनें वेदना शमली तर निदान पक्कें. न शमली तर रोग्याच्या शब्दाविषयीं संशय! परंतु नुसतें मिठाचें पाणी टोचूनही कांहींना घटकाभर आराम पडतो, आणि कित्येक खऱ्या रोग्यांना औषधानेंही पडत नाहीं, हें पुढें दिसून आलें. १९९४ सालीं वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघानें ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ हें नवें नांव स्वीकारलें. त्यांत अनुकंपी तंतूंचा उल्लेख नाहीं. २००३ सालीं बुडापेस्ट येथें तज्ज्ञांनीं निदानाच्या कसोट्या ठरविल्या: इजेच्या मानानें अवाजवी, न थांबणारी वेदना, स्पर्शाची असह्यता, कातडीच्या रंगांत वा उष्णतेंत फरक, सूज किंवा घाम, हालचालींत, केसांत व नखांत बदल. दुसऱ्या कोणत्याही रोगानें याचा उलगडा होत नसावा, ही अट आहेच.

सुई आजही वापरतात. आराम पडला तर तेवढ्या अवधींत आखडलेला हात हलवून घेतां येतो. तो टिकेलच, असा भक्कम पुरावा मात्र नाहीं. निदानासाठीं वैद्याला पुन्हां मिचेलप्रमाणें खाटेशेजारीं बसावें लागतें, हात निरखावा लागतो, आणि रोगी काय सांगतो तें ऐकावें लागतें.